मुक्ताच्या वहीतला पाचवा रकाना

मंगळवारी सकाळी पूजा आटोपून मी पोथीचे बासन सोडीत बसलो होतो. फाटकाची कडी दोनदा वाजली. आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारे धनराजजी चाळीस वर्षांत कधी कडी वाजवल्यावाचून बोललेले नाहीत, त्यामुळे कोण आले आहे ते न पाहताच मला कळले. मालगाडीचे गार्ड म्हणून ते निवृत्त झाले. उभे राहण्याची त्यांची रीत अजून ब्रेकच्या डब्याच्या दारातलीच आहे, पाय किंचित फाकलेले आणि एक हात दांड्यावर. त्या दिवशी तो हात आमच्या फाटकाच्या गजावर होता. मी पायऱ्या उतरून जवळ गेलो, तेव्हा ते म्हणाले, “शास्त्रीजी, पोरगी गेली जी माझी.” मुक्ताला बुधवारी ताप भरला होता, गुरुवारी तो डेंग्यूचा असल्याचे कळले होते आणि शनिवारी तिला इस्पितळात हलवले होते. हे सारे मला ठाऊक होते. रविवारी ती आली नाही, तेव्हा पुढच्या रविवारी येईल असे मी धरून चाललो होतो… माझ्या मागे खोलीत बासन अर्धवट सुटलेले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने वरचे पान हलत होते. ते हलणे मला फाटकापासून दिसत होते, हेच त्या सकाळचे माझ्याजवळ उरलेले चित्र आहे.

आज त्याला सात आठवडे झाले. मुक्ता त्रेचाळीस वर्षांची होती. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत ती संगणकावर काम करी. तिचे काम नेमके काय, हे मला समजायला तीन वर्षे लागली आणि समजले तेव्हा ते माझ्याच कामाच्या शेजारचे निघाले. माझे शिक्षण वाईच्या बाजूच्या एका पाठशाळेत झाले. पुढे वडील बंधूंची रेल्वेत जयपूरला बदली झाली, त्यांच्या पाठोपाठ मी इथे आलो आणि चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका हस्तलिखितसंग्रहात सूचीकार म्हणून लागलो. पोथ्या वाचणे हे माझे काम नव्हते, पोथ्यांविषयी लिहून ठेवणे हे होते. पोथी कोणती, पाने किती, नक्कल कोणी केली, कुठे बसून केली, कशासाठी केली, एवढे प्रत्येक पोथीमागे एका कार्डावर लिहायचे. म्हणजे पुढच्या अभ्यासकाला शेकडो बासने सोडावी लागत नाहीत. तो कार्डांना विचारतो आणि कार्डे त्याला नेमक्या बासनापाशी नेतात.

निवृत्तीनंतर घरच्या पोथ्यांची अशीच सूची करावी असे मनात आले. हात कापू लागला होता. धनराजजींशी बोलता बोलता मी ते सहज बोलून गेलो आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारी तीन वाजता मुक्ता आपला लॅपटॉप काखेत घेऊन आली. खिडकीजवळ बांबूचा एक मुढा होता, त्यावर ती बसली. आमच्या सौ. सुमतीने खुर्ची पुढे केली, तर म्हणाली, “नको काकू, मुढाच बरा. खुर्चीत बसली की मला ऑफिसात असल्यासारखं वाटते.” त्या दिवसापासून तो मुढा तिचा झाला. मी पाने हातात घेऊन सांगत असे, ती उतरवून घेत असे. नागपूरकडचे बौद्ध कुटुंब, जन्म जयपूरचा, शाळा हिंदीची. तिच्या मराठीत नागपूर आणि जयपूर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असत. “काका, मतलब ही पोथी अधुरीच आहे का? मग बाकीची पानं कोणाकडे राहून गेली?” असे ती विचारी. मला प्रारंभी ते कानाला खटके. पुढे पुढे मी त्या बोलण्याची वाट पाहू लागलो.

एका रविवारी एका स्तोत्राची पोथी निघाली. मी पहिला चरण वाचला आणि श्वास घेण्यासाठी थांबलो. पुढचा चरण मुक्ताने म्हटला. तिची बोटे टंकलेखन करीतच होती, मान वरही झाली नाही. तिसरा म्हटला, चौथाही म्हटला, आणि तोही आमच्या घरात मुले म्हणत त्या चालीत, शेवटचे अक्षर किंचित लांबवून. मी विचारले, “हे तुला कुठून येते?” ती म्हणाली, “भिंतीवरून, काका.” मी हसलो. तिने काही विनोद केला असावा असे मला वाटले. सुमती दारात उभी होती. ती हसली नाही, हे मला तेव्हा दिसले होते आणि मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

तिच्या कामाविषयी आता सांगतो, कारण मला सांगायचे आहे ते त्याच्याशी जोडलेले आहे. एका ठिकाणी साठलेली माहिती दुसऱ्या ठिकाणी नीट पोहोचवणारे एक साधन असते, त्यावर ती काम करी. एका नेत्ररुग्णालयाचे काम तिच्या कंपनीकडे होते. हे रुग्णालय धर्मादाय होते आणि जयपूरजवळच्या चौमूंच्या पुढच्या गावांमध्ये शिबिरे घेई. शिबिरात ज्यांचे डोळे तपासले, त्यांची यादी त्या साधनातून रुग्णालयात येई. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्या डोळ्यासाठी कोणाला बोलवायचे, ते त्या यादीवरून ठरे. माहितीच्या अशा प्रत्येक वाटेवर एक जागा असते, तिथे काम करणारा माणूस एसक्यूएल नावाच्या भाषेत एखादी अट लिहून ठेवू शकतो. अमुक असेल तरच ही ओळ पुढे जाऊ दे, नसेल तर नको. त्याला ते फिल्टर म्हणतात. बाहेरून वाट सरळ दिसते, अट आत दडलेली असते. वाटा शेकडो आणि त्यांवर काम करून गेलेली माणसे डझनभर. कोणी कुठे काय लिहून ठेवले आहे, हे कोणालाच एकत्रितपणे ठाऊक नव्हते.

आणि एक दिवस भँवरीबाई आल्या. चौमूंजवळच्या एका ढाणीतल्या, म्हणजे शेतांमधल्या वस्तीतल्या, सत्तरीपुढच्या बाई. एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे झालेली, दुसऱ्यासाठी बोलावणे आले नव्हते. शेजारणीला आले, जावेला आले, यांना नाही. रुग्णालयातल्यांची समजूत अशी की म्हाताऱ्या बायका भितात, बोलावूनही येत नाहीत. भँवरीबाई बस बदलत एकट्या रुग्णालयात पोहोचल्या आणि खिडकीशी उभ्या राहून त्यांनी विचारले, “म्हारो नाम कोनी आयो?” माझे नाव आले नाही का? मुक्ता योगायोगाने त्या दिवशी तिथे होती. तिने यादी काढली. नाव नव्हते. मूळ शिबिराची नोंद काढली, तिथे नाव होते. वाटेच्या एका टोकाला बाई होत्या आणि दुसऱ्या टोकाला नव्हत्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, दुसऱ्या डोळ्यात जे उरले आहे ते फार दिवस टिकणारे नाही. आणि मुक्ताच्या ध्यानात आले, की या एक भँवरीबाई खिडकीपर्यंत चालत आल्या. न आलेल्या किती असतील…

“काका, एकेक वाट उघडून बघायला बसले तर माझी रिटायरमेंट होऊन जाईल,” ती त्या रविवारी म्हणाली. “पण या टूलची आपली स्वतःची पण एक कोठी असते. रिपॉझिटरी. कोणती वाट कुठून कुठे जाते, तिच्यात कोणी काय लिहिलं, सगळं ते आपल्याच बद्दल त्या कोठीत लिहून ठेवते. मी वाटा उघडत नाही. मी कोठीला विचारते.”

मी म्हणालो, “म्हणजे कार्डांना विचारतेस. बासने सोडीत नाहीस.”

ती टाइप करायची थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “हो ना. तेच तर करून राहिली मी.”

त्यानंतर तिने एक वही सुरू केली. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेत हजेरीची असते तशी. तिच्या ऑफिसात असले कागद कोणी ठेवत नाहीत, सारे संगणकातच असते. पण तिने माझे एक कार्ड समोर ठेवून त्याच्यावरून रकाने आखले. पहिला रकाना ‘कुठे’, दुसरा ‘अट’, तिसरा ‘कोणी घातली’, चौथा ‘कारण’. कोठीतून जो जो फिल्टर सापडेल तो ती वहीत उतरवी. चौथा रकाना भरण्यावर तिचा फार कटाक्ष होता. नोकरी सोडून गेलेल्यांना ती फोन करून विचारी, भैया, आठवून बघा, ही अट का घातली होती. पाचवा रकाना तिने नंतर जोडला, त्याला मथळा दिला, ‘नाव आले?’ मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “फिल्टर काढून टाकला म्हणून काम झालं असं नसते, काका. परत चालवून बघायचं. ज्याचं नाव गळलं होतं ते आता येते का, ते बघायचं. तोपर्यंत काढला म्हणायचं नाही.”

वही निम्मी भरली आणि भँवरीबाईंचे नाव येईना. त्यांच्या नोंदीत जन्मतारीख रिकामी होती. खेड्यातल्या जुन्या बायकांना ती ठाऊक नसते, शिबिरातली मुले जागा तशीच सोडतात. तेव्हा जन्मतारखेवर बेतलेली एखादी अट असणार, इथवर मुक्ता पोहोचली होती. पण जन्मतारखेचा शब्द जिथे जिथे असेल ते सारे दाखव, असे कोठीला विचारले की त्या वाटेवर काहीच निघत नसे. आठवड्यामागून आठवडा गेला. तिने मनातल्या मनात एक अपराधीही ठरवून टाकला होता. सक्सेनाजी म्हणून एक वरिष्ठ गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. “सक्सेनाजींचंच काम आहे,” ती म्हणे. “जाताना सगळं गुंडाळून ठेवून गेले. माणूस गोड होता, काम असं.” सुमती तिला चिडवी, “अगं, त्या सक्सेनाला जेवताना ठसका लागत असेल, किती आठवण काढतेस.”

मला तिच्या यंत्रातले काही कळत नव्हते. पण एका दुपारी एका पोथीत मी एक नाव शोधत होतो आणि सापडत नव्हते, म्हणून मी नेहमीची कृती केली. दोन पाने कडेला कड लावून जमिनीवर ठेवली. मुक्ताने विचारले, “असं का ठेवलं?” मी सांगितले की नक्कल करणारा ओळ भरेपर्यंत लिहितो. पान संपले की शब्द जिथे असेल तिथे तुटतो, उरलेली अक्षरे पुढच्या पानावर जातात. तुटल्याची खूण तो करीत नाही. नाव शोधणाऱ्याने एकेक पान पाहिले तर ते दोन्ही पानांवर नसते. म्हणून आधी पाने क्रमाने जोडायची, मग शोधायचे. नवशिक्या सूचीकाराची पहिली चूक हीच असते, माझीही होती.

ती बराच वेळ त्या दोन पानांकडे पाहत राहिली. मग लॅपटॉप मिटला, चहा तसाच ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाली, “काका, मी येते.” सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून ती थेट आमच्याकडे आली. त्या कोठीतही लांबलचक मजकूर एका ओळीत मावत नाही, त्याचे ठरावीक लांबीचे तुकडे करून ते एकाखाली एक ठेवलेले असतात. जन्मतारखेचा शब्द नेमका एका तुकड्याच्या टोकाला तुटला होता. अर्धा वर, अर्धा खाली. म्हणून विचारल्यावर तो कोठेच नव्हता. तिने सगळे तुकडे क्रमाने जोडले, मग विचारले आणि अट समोर आली. जन्मतारीख रिकामी असेल तर ती ओळ पुढे नेऊ नये. अटीच्या शेजारी घालणाऱ्याने दोन शब्दांचे टिपण ठेवले होते, तात्पुरते आहे म्हणून, आणि पुढे आपल्या नावाचे आद्याक्षर.

“सक्सेनाजी?” सुमतीने विचारले.

“मी,” मुक्ता म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी, ती त्या कामावर नवी असताना, एका दिवसाच्या चाचणीसाठी तिनेच ती अट घातली होती. रिकाम्या जागांमुळे चाचणी अडत होती. काम झाल्यावर काढून टाकीन म्हणून घातली, दुसऱ्या दिवशी दुसरे काम आले आणि अट तशीच पुढे गेली… ती मुढ्यावर बसली. मग म्हणाली, “सहा वर्षं, काका. आणि एकदा पण काही बिघडलं नाही. हेच तर आहे. चुकीची ओळ आली तर लोक फोन करतात, भांडतात. गळलेली ओळ ओरडत नाही ना. ती फक्त येत नाही. आणि आपल्याला वाटत राहते, सगळं बरोबर चाललं आहे.”

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना स्वतः सांगितले. तुकड्यांच्या टोकांना तुटलेल्या आणखी अटी शोधल्या, त्या दोन निघाल्या. वहीत तिने तिसऱ्या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आणि चौथ्यात ‘चाचणीची सोय, नंतर विसरले’. सक्सेनाजींना फोन करून क्षमाही मागितली. “ते विचारून राहिले, कशाची माफी? त्यांना माहीतच नाही, मी त्यांना किती शिव्या दिल्या.” रुग्णालयातून गावोगावी फोन गेले. काही घरी पोहोचले, काही घरी ते माणूस आता राहिले नव्हते. भँवरीबाईंचा दुसरा डोळा वाचला. त्यांच्या नावापुढे पाचव्या रकान्यात मुक्ताने ‘आले’ असे लिहिले. आणखी काही नावांपुढे तिने काहीच लिहिले नाही. ती नावे ती मला वाचून दाखवी आणि पुढे जाई.

त्या रात्रीपासून… नव्हे, रात्रीचे काही नाही, मी रात्री शांत झोपतो. पहाटे संध्येला बसलो की तिचे ते वाक्य येऊन समोर बसे. गळलेली ओळ ओरडत नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरे, भिंतीवरून, काका.

पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या व्हरांड्यात मी शनिवारी एक वर्ग घेत असे. रेल्वेतल्या मराठी घरांतली मुले हिंदीत वाढत होती, त्यांच्या जिभेला चार स्तोत्रे आणि शुद्ध उच्चार लागावेत म्हणून. आठनऊ मुले येत. वर्गाला प्रवेशाची काही अट नव्हती, असे मी पुढे सर्वांना सांगत आलो, आणि ते सांगताना मला खरेच वाटत असे. मी कधी कोणाला नाही म्हटले नव्हते. बोलावणे मात्र सुमती घरोघर जाऊन करून येई आणि कोणत्या घरी जायचे ती नावे मी तिला सांगितली होती. आमच्यापासून तिसऱ्या घरात आठ वर्षांची एक मुलगी आहे, हे मला ठाऊक होते. ती संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर बसलेली असे.

एका रविवारी मी धीर करून विचारले, “मुक्ता, तू शनिवारी वर्गाला कधी का आली नाहीस?” प्रश्न विचारताच मला कळले की तो खोटा आहे. उत्तर माझ्याजवळ असताना मी ते तिला विचारत होतो.

ती म्हणाली, “बोलावलंच नाही ना कोणी. नाही पण नाही म्हटलं कोणी.” मग माझा चेहरा पाहून तिने हसून सांभाळून घेतले. “बरंच झालं, काका. आत बसली असती तर तुमच्या छड्या खाल्ल्या असत्या. भिंतीवर बसून सगळं फुकट पाठ झालं.”

सुमती कप खाली ठेवताना म्हणाली, “मी तेव्हाच म्हटले होते.” तिने म्हटले होते, हेही तेव्हाच मला आठवले. तिला मी काय उत्तर दिले होते, तेही.

पुढचा रविवार शेवटचा ठरला. ती नेहमीप्रमाणे तीनला आली, तिच्या डोळ्यांत थोडा थकवा होता, ऑफिसात एसी फार असतो म्हणाली. निळी वही तिने बरोबर आणली होती. काम संपले होते, आता ती ऑफिसला द्यायची नव्हती, कारण सगळे संगणकात चढवून झाले होते. “तुमच्या पोथ्यांजवळ राहू द्या,” ती म्हणाली. “तुमच्याच कार्डाची नक्कल आहे.” मी चाळली. शेवटच्या पानावर एक नोंद होती, ती कोठीतली नव्हती. कुठे, ‘काकांचा शनिवारचा वर्ग’. अट, ‘तिसरं घर सोडून’. कोणी घातली, ‘काका’. कारण, रिकामे. नाव आले, रिकामे.

मी वहीतून मान वर केली, तेव्हा ती हसत होती. त्या हसण्यात टोमणा होता, पण कडवटपणा मला दिसला नाही, आणि दिसला असता तरी तो तिचा हक्क होता. ती म्हणाली, “हे तुम्ही भरा. जो फिल्टर घालतो त्यालाच कारण माहीत असते. मी माझं भरलं की नाही?” मी काही बोलणार, तोच ती उठली. “घाई नाही, काका. पुढच्या रविवारी बघू.”

पुढच्या रविवारी ती इस्पितळात होती.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेलो. बैठकीतल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावलेल्या, शेजारी तिचे छायाचित्र. भिक्खूंचे पाली वंदनपाठ मी एका कोपऱ्यात हात जोडून ऐकले. त्या घरात मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा बसलो होतो. धनराजजींनी स्वतः पाणी आणून दिले, मी प्यालो. ते मला म्हणाले, “तुमच्याकडून आली की खुश राहे जी. रविवारी उशिरापर्यंत तेच सांगत राहे, पोथीत काय निघालं.” दाराशी काळा चष्मा लावलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. कोणी विचारले तर त्या आपल्या चौमूंकडच्या बोलीत सांगत होत्या की या बेटीने माझे नाव शोधून काढले. मुक्ता कोणाची कोण, एवढे जाणून घेण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. निरोप घेताना मी धनराजजींना म्हणालो, आता फाटकाशी उभे राहू नका, कडी वाजवू नका, आत येत जा. ते “हो जी” म्हणाले. ते अजून कडी वाजवतात. एवढ्या वर्षांची सवय माझ्या एका वाक्याने जावी, अशी अपेक्षा करणे मला शोभत नाही.

चौथा रकाना भरायला मला पाच आठवडे लागले. आधी मी पेन्सिलीने ‘परंपरा’ असे लिहिले. दोन दिवस ते तसेच राहू दिले आणि मग खोडले. मी ज्या शास्त्रांवर वाढलो त्यांवर माझी श्रद्धा आजही तशीच आहे, देवापुढे मी आजही तसाच बसतो, पण ज्या संध्याकाळी मी सुमतीला नावे सांगितली त्या संध्याकाळी मी कोणतेही शास्त्र उघडून पाहिले नव्हते. मग लिहिले, ‘काळ तसा होता’. तेही खोडले. मुक्ताने स्वतःच्या चुकीपुढे काळाचे नाव लिहिले नव्हते. शेवटी जे सुमतीला तेव्हा उत्तर म्हणून दिले होते, तेच आठवून शाईने लिहिले. ‘ती आली तर बाकीची घरे मुले पाठवणार नाहीत, या भीतीने.’ लिहून झाल्यावर सुमतीला वाचून दाखवले. तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचले आणि म्हणाली, “हेच म्हणाला होतात.” बाकीची घरे मुले खरोखर काढून घेतील की नाही, हे मी कोणाला विचारलेही नव्हते. ज्यांच्या भीतीने ती ओळ गाळली, त्यांतली एक-दोन घरे तर पुढे धनराजजींच्या घरी वर्षानुवर्षे जेवत आली.

पाचवा रकाना भरण्याचा अधिकार माझा नाही. तो परत चालवून पाहून भरायचा असतो, ही तिची अट आहे आणि या अटीचे कारण मला ठाऊक आहे. घरच्या पोथ्यांची सूची अजून पुरी व्हायची आहे. मी पाने काढतो, कडेला कड लावून जमिनीवर ठेवतो, तुटलेले शब्द जोडून वाचतो आणि सांगायला तोंड उघडतो. निळी वही पोथ्यांच्याच कपाटात, एका लाल बासनात आहे. दर रविवारी पावणेतीनला सुमती मुढ्यावरची धूळ झटकते, मी तो उचलून खिडकीशी ठेवतो आणि फाटक उघडे करून ठेवतो, कडी न लावता. तीन वाजतात. मी तिसऱ्या घराकडे पाहतो. नाव येत नाही.